केसभर वाकडं

चीफनी एखाद्या गोष्टीला 'छान' म्हटलं की ती करणाऱ्याने त्या दिवसापुरतं तोंड लपवावं, असा आमच्या आळीचा अनुभव होता. 'उत्तम' म्हटलं तर ती पाडून पुन्हा बांधावी. आणि 'अप्रतिम' म्हटलं तर आधी बायकामुलांना बाहेर काढावं. मी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला चीफ आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले, एक डोळा मिटून चौकटीकडे बघितलं आणि म्हणाले, "अप्रतिम." ते दार पावसाळ्यात अजून आपलं आपण उघडतं. पाहुण्यांना आम्ही सांगतो, घरच अगत्यशील आहे.

चीफ हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव चांगलं देवाचं होतं, पण ते रेशनकार्डावर आणि काकूंच्या उखाण्यात तेवढं शिल्लक राहिलं होतं. उभा जन्म मालवाहू बोटींच्या पोटात, इंजिनांच्या सहवासात काढून ते चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि रत्नागिरीत आमच्या शेजारी येऊन राहिले. निवृत्त माणसं बागकाम करतात, पेपरांना पत्रं पाठवतात, व्हॉट्सॲपवर सकाळी सूर्योदय पाठवतात. चीफ जगाचा वाकडेपणा मोजायला लागले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी बोटभर लांबीची पाणसळ असायची, त्यात हिरव्या पाण्यात एक बुडबुडा. कुठेही गेले की आधी ती टेकवायचे, बुडबुड्याकडे बघायचे, आणि मगच यजमानांकडे. चहाची कपबशी हातात दिली तर पहिल्यांदा ती ज्या टीपॉयवर ठेवायची त्या टीपॉयची चौकशी व्हायची.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात हे बोहल्याच्या अगदी मागे उभे. मंगलाष्टकं रंगात आलेली, आमच्या आत्याचा गळा तापलेला. तेवढ्यात चीफ माझ्या कानाशी कुजबुजले, "अंतरपाट डावीकडे उतरलाय." आता, ज्या माणसाने आयुष्यभर इंजिनाच्या घरघरीत संभाषण केलं त्याची कुजबुज ती केवढी असणार? कार्यालयाच्या स्वयंपाकघरात जिलब्या थांबल्या. भटजी 'सावधान'च्या अलीकडेच अडले. अंतरपाटाचं डावं टोक नवऱ्यामुलाच्या मामांच्या हातात होतं. त्यांनी घाबरून ते एवढं वर उचललं की नवरामुलगा दिसेनासा झाला. चीफ म्हणाले, "आता छान." ते मामा अजूनही कुठे भेटले की सांगतात, तुमच्याकडच्या एका मोठ्या इंजिनिअरनी माझं भर मांडवात कौतुक केलं होतं.

दुसरी गोष्ट आळीच्या गटाराची. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून आपलं आपण गटार बांधून घेतलं. उद्घाटनाची टूम माझीच. चार शब्द बोलायचे म्हणून मी कागदावर चौदा ओळी लिहून आणल्या होत्या. त्या पुऱ्या व्हायच्या आत चीफनी वरच्या टोकाला एक बादली पाणी ओतलं, खालच्या टोकाला खुर्ची मांडली आणि हातात झेंडूचा हार घेऊन बसले. पाणी येईल त्याचं स्वागत करायला. पाणी थोडं पुढे गेलं, जरा विचारात पडलं आणि जिथून आलं होतं तिकडे परत निघालं. चीफ उठले, आले आणि तो हार माझ्या गळ्यात घातला. "साहेब, पाण्यालासुद्धा माहेरची ओढ लावलीत. उत्तम."

मला ते साहेबच म्हणायचे. मी एका कचेरीत टेबलामागे बसतो आणि माझ्या हातून आजवर एकही वस्तू दुरुस्त झालेली नाही, या दोन गोष्टींचा त्यांच्या मते थेट संबंध होता.

त्यांचा खरा राग मात्र एका शब्दावर होता. 'चालेल.' गवंडी म्हणे चालेल, सुतार म्हणे चालेल, मुलीला स्थळ घेऊन आलेलाही म्हणे तसा मुलगा चालेल. चीफ म्हणायचे, "हा शब्द आपल्याकडे बंदरावर उतरवूनच घ्यायला नको होता. बोटीवर शाफ्ट केसभर वाकडा बसवा आणि म्हणा चालेल. चालतो. अर्ध्या समुद्रापर्यंत चालतो. मग तिथे तुम्ही, बोट आणि तुमचं चालेल, तिघंच." आणि त्याला जोडून त्यांचं दुसरं वाक्य ठरलेलं: "घट्ट झालं म्हणजे बसलं असं नव्हे." हे ते बोल्टांबद्दल म्हणायचे. पण समोर कुणी नवपरिणीत जोडपं असलं की जरा जास्त वेळ थांबून म्हणायचे.

तर अशा माणसाच्या तावडीत आमच्या सुमाआत्याची जीप सापडली.

आत्याची कलमांची बाग भाट्याचा पूल ओलांडून पुढे, वर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर आहे. रस्ता म्हणायचा म्हणून रस्ता. तांबड्या चिऱ्याच्या खडकातून खणलेला चढ, पावसाने प्रत्येक वर्षी नव्याने कोरलेला. भाड्याचे टेम्पोवाले पायथ्याशी येतात, वर बघतात आणि त्यांना अचानक राजापूरचं भाडं आठवतं. आतोबा होते तोवर त्यांची जुनी जीप क्रेट घेऊन खालीवर करत असे. आतोबा गेले, पाठोपाठ जीपच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला. मागच्या हंगामात आंबा डोक्यावरून उतरवावा लागला, निम्मा चढावरच डागाळला, आणि औंदा तर डोक्यावरून उतरवायलाही माणसं मिळेनात.

हे हेरून सदू यायला लागला. सदू म्हणजे बागा कराराने घेणारा. बाग एकदा त्याच्याकडे गेली की मालकाला वर्षाच्या शेवटी स्वतःच्याच झाडाचे आंबे पेटीने विकत घ्यायला लागतात, अशी त्याची ख्याती. तो खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन बसायचा आणि फार मायेने बोलायचा.

"काकी, आता ह्या वयात कशाला वनवन? बाग माज्याकडं द्या नि निवांत रव्हा."

"निवांत ना, मसणात राहीन," आत्या म्हणायची. "आधी चहा पी."

"तसं नाय वो. पण गाडी नाय, मानसं नाय. आंबा काय चालत खाली येनार हाय?"

यावर आत्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तिने दिलं, "गाडी येतेय. शिमग्याची पालखी घरी येईल त्या दिवशी ये. गाडी चढावर गेली नसली तर बाग तुझी. गेली असली तर पुन्हा ह्या खळ्यात चहाला यायचं नाही."

सदू हसला. पालखीच्या नावाने दिलेला शब्द आमच्याकडे वकिलाच्या कागदापेक्षा जड. त्यालाही ते ठाऊक, आत्यालाही. फक्त गाडी कुठून येणार हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

इंजिन आणण्याची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी घरातला सुशिक्षित. मी कोल्हापूरच्या भंगारबाजारात जाऊन त्याच जातीच्या जीपचं इंजिन घेऊन आलो. रंग बघून घेतलं. हिरवा होता, छान होता. चीफनी त्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "छान आहे." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अडचण अशी होती. इंजिन एका सालचं, मागचा गिअरबॉक्स दुसऱ्या सालचा. या दोघांच्या मध्ये घंटेच्या आकाराचं एक जाड ओतीव कवच बसतं, त्याला बेल हाउसिंग म्हणतात. ते इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी बसतं आणि त्याच्या मागच्या गोल भोकात गिअरबॉक्स. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने आधीच सांगितलं होतं, भोकं जुळतायत, कसून टाकू, चालेल.

झालं. चालेल म्हणाला म्हटल्यावर चीफनी बाह्या सरसावल्या.

"सुमाताई," ते आत्याला म्हणाले, "इंजिन म्हणजे नवरा, गिअरबॉक्स म्हणजे बायको, आणि हे मधलं म्हणजे मध्यस्थ. मध्यस्थ केसभर जरी वाकडा निघाला, तर नवरा एका रेषेत फिरणार, बायको दुसऱ्या रेषेत."

"मग काय होतं?"

"संसार होतो. आवाज करतो, पण होतो. तुमच्या चढावर मात्र ऐन वेळी गिअर निसटणार. म्हणजे इंजिन वर बघत राहणार आणि तुम्ही क्रेटांसकट मागे मागे, थेट खाडीत."

आत्याने पदर खोचला. "मग सरळ करा. पालखीपर्यंत."

"सरळ होईल तेव्हा होईल."

"पालखीपर्यंत," आत्या म्हणाली.

खळ्यात मांडव होता, त्याखाली काम सुरू झालं. फणसाच्या फांदीला चेनकप्पी बांधून इंजिन उचललं आणि लाकडी घोड्यावर बसवलं. चीफनी घरून मखमलीची पेटी आणली. तिच्यात घड्याळासारखं डायल गेज, ज्याचा काटा केसाच्या दहाव्या हिश्श्यानेही हलतो. काकूंचे दागिने गोदरेजच्या कपाटात कुलपात होते, आणि हे गेज त्याच्या आतल्या कप्प्यात. गेज इंजिनाच्या मागच्या जड चक्रावर बांधायचं, त्याचं टोक हाउसिंगच्या भोकाच्या कडेला टेकवायचं आणि चक्र हाताने सावकाश फिरवायचं. भोक आणि इंजिनाचा दांडा एकाच मध्यावर असतील तर काटा झोपून राहतो. नसतील तर काटा पळतो आणि वाकडेपणा चव्हाट्यावर येतो.

चक्र फिरवण्याचं काम माझ्याकडे. दुसरं काही येत नाही म्हणून.

"साहेब, हळू. कचेरीत फाईल सरकवता तसं."

मी हळू केलं.

"एवढं हळू नको. ही फाईल मंजूर करायची आहे."

काटा पळाला. चांगला पळाला. चीफ समाधानाने हसले. जगात वाकडेपणा आहे हे सिद्ध झालं की त्यांना तरतरी यायची. इंजिनाच्या पाठीवर दोन पोलादी खुंट्या असतात, हाउसिंग त्यांच्यावर येऊन बसतं. चीफनी लेथवर जाऊन मुद्दाम कडेला झुकलेल्या खुंट्या करवून घेतल्या. खुंटी जरा फिरवली की हाउसिंग केसभर सरकतं. मग पुन्हा बसवा, पुन्हा कसा, पुन्हा मी चक्र फिरवणार, पुन्हा काटा पळणार, पुन्हा सगळं सोडा. असे दिवस गेले. कलमांवर कणी धरली, कणीची कैरी झाली. मी यूट्यूबवर एक व्हिडिओ शोधला, त्यात एक गोरा माणूस हेच काम चहा थंड व्हायच्या आत करतो. मी तो उत्साहाने चीफना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "ह्यालाच बोलवायचं होतं. हाताला चक्र फिरवण्याचा सराव दिसतो."

मधूनच सदू चक्कर टाकायचा. सुट्टे भाग बघून त्याचा चेहरा लग्नघरासारखा खुलायचा.

"काय चीफ, झाली का सरळ?"

"होतेय. तुझ्यासारखं नाही, प्रयत्न केला की होते."

आत्या मात्र आतून खचत चालली होती. ती दर संध्याकाळी मांडवात यायची, काट्याकडे बघायची, जणू तोच पालखीची तारीख ठरवणार. एकदा मला आत बोलावून म्हणाली, "बंडू, हा माणूस सरळ करता करता माझी बाग घालवतो की काय रे?" मी म्हटलं, "आत्या, मला कसं कळणार? मी फक्त फिरवतो." ती म्हणाली, "ते मेलं जन्मभर करतोयस." टोमणे मारण्यात चीफ एकटेच नव्हते.

आणि पालखीला दोन दिवस उरले असताना काटा झोपला. मी चक्र पूर्ण फिरवलं, काटा हललाच नाही. मला वाटलं गेज बिघडलं. चीफनी स्वतः फिरवून बघितलं. मग पुन्हा. चष्मा काढला, पुसला, घातला. "आता सोडू," म्हणाले. "उद्या सकाळी खुंट्या कायमच्या ठोकायच्या, मग शेवटचं बसवायचं." खुंट्यांच्या जागेवर खुणेच्या रेघा ओढल्या, हाउसिंग खाली काढून गोणपाटावर ठेवलं आणि घरी गेले. मांडवातून जाताना शीळ वाजवत होते. चीफना शीळ येते हे आळीला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंट्या ठोकल्या. हाउसिंग बसवलं, बोल्ट कसले, गेज लावलं. मी फिरवलं.

काटा पळाला.

चीफ म्हणाले, "पुन्हा." पुन्हा पळाला. सगळं सोडलं, कडा पुसल्या, पुन्हा बसवलं. पळाला. आणि गंमत म्हणजे जितक्यांदा बसवावं तितक्यांदा वेगळा पळायचा, कधी डावीकडे, कधी वर. दुपार झाली. जेवायला बोलावलं तर हात केला नुसता. उन्हं फणसाच्या बुंध्यापर्यंत उतरली. सदू कुंपणावरून डोकावला आणि वर आत्याच्या कलमांकडे एकदा हिशेबाने बघून गेला.

मला चीफच्या रागाची सवय होती. पण त्या दुपारी माझ्या हातून पाना सुटून त्यांच्या पायाजवळ पडला, तर ते म्हणाले, "असू दे बंडू. लागलं नाही ना तुला?"

ते मला बंडू कधी म्हणाले नव्हते. आणि लागलं का असं तर त्यांनी बहुधा स्वतःच्या मुलीलाही विचारलं नसेल. टोमणे थांबले होते. चूल विझल्यावर घर जसं दिसतं तसा तो माणूस दिसायला लागला. उपड्या क्रेटवर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून हातांकडेच बघत.

आत्या चहा घेऊन आली.

"सुमाताई," चीफ म्हणाले, "बाग देऊन टाका त्याला."

"काय?"

"माझा हात गेला. डोळाही गेला असेल. काल जे बघितलं ते बहुतेक मला बघायचं होतं म्हणून दिसलं. गाडी वर न्यायचा शब्द मी दिला होता, माझा मी परत घेतो. पण तो रस्ता असा आहे, की 'चालेल' म्हणून तुम्हाला त्याच्यावर मी पाठवणार नाही."

आत्याने चहा खाली ठेवला. मला वाटलं ती रडणार. आमच्या आत्याला मी ओळखतच नाही म्हणायचं.

"काल होता हात आणि आज गेला? म्हणजे काय, भाड्याने आणला होतात?" ती कडाडली. "इतके दिवस आमच्या खळ्यात तेल सांडलंत, फणसाची फांदी कोचवलीत, माझ्या जावेची नवी बादली घासलेटात बुडवलीत. मी चकार शब्द काढला नाही. उलट उद्या पालखी येणार, देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, नारळ ठेवायचा, ते काळं भूत तसंच कसं दाखवायचं, म्हणून काल संध्याकाळी मी ते बसून लख्ख घासलं. आणि तुम्ही मला सांगताय बाग द्या?"

चीफनी मान वर केली.

"घासलंत," चीफ म्हणाले.

"मग काय! मोदकपात्र दिसेल असं घासलं. तुमची नजर गेली नाही का त्याच्यावर?"

"गेली. मला वाटलं साहेबांनी पुसलं. कशानं घासलंत?"

"कशानं म्हणजे? नेहमीच्यानं. आमसुलाचं पाणी, काथ्या आणि चिऱ्याची भुकटी."

आमच्याकडे देवाची समई, पिंप, घंगाळ, जे म्हणाल ते याच तीन गोष्टींनी घासतात. लग्नातल्या नवऱ्यामुलालाही याच्याने घासलं असतं, पण तो ओरडतो. चीफ उठले. त्यांनी बोल्ट सोडले, हाउसिंग उतरवलं आणि खुंटी ज्या भोकात शिरते त्या भोकात डोकावले. मग आत्याकडे हात पुढे केला.

"तुमच्या अंबाड्यातला आकडा द्या."

आत्याने आकडा काढून दिला. चीफनी तो भोकात घालून फिरवला. आतून तांबडा गोळा पडला. सुकून खडक झालेला. मग दुसऱ्या भोकातून दुसरा. बाहेरच्या कडा आम्ही दिवसभर पुशीत होतो, त्या आरशासारख्या होत्या. आत चिऱ्याची भिंत. खुंटी तिला टेकायची, आणि हाउसिंग दर वेळी वेगळ्या बाजूला रेलायचं.

चीफनी तो गोळा तळहातावर घेतला. त्याकडे बघत राहिले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलायला लागलं.

"सुमाताई, मी इंजिन जोडत होतो. तुम्ही आत घर बांधायला घेतलंत. पाया झालेला दिसतोय. कौलं कधी चढवताय?"

"टाकायचा तो आधी टोमणा टाका," आत्या म्हणाली, पण तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, "मग चहा प्या, थंड झालाय."

"चहा कशात केलात? घासलेल्या भांड्यात? मग साहेबांना द्या. त्यांच्या पोटात काही बसवायचं नाहीये."

मी आयुष्यात कधी शिवी खाऊन इतका खूश झालो नव्हतो. दोन्ही भोकं घासलेटाने धुतली, फुंकली, पुन्हा धुतली. हाउसिंग बसवलं. चीफनी एकेक बोल्ट समोरासमोरचा घेत कसला. गेज लावलं. या वेळी त्यांनी मला बाजूला केलं नाही. "फिरवा साहेब," म्हणाले. मी फिरवलं. काटा हलला नाही. आत्याने त्या काट्यालाच नमस्कार केला.

गिअरबॉक्स चढला तो हाताने सरकवताच आत गेला. कुठेही ठोकावं लागलं नाही. पालखी आली तेव्हा जीप खळ्यात उभी होती, पुढे नारळ, आणि गावकऱ्याने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं की, बा देवा महाराजा, ही गाडी चढू दे, चढवणाऱ्याला बुद्धी दे. चढवणारा मी. चीफ मागून मोठ्याने 'होय महाराजा' म्हणाले, बुद्धीच्या वाक्याला जरा जास्त जोर देऊन. सदू पालखीबरोबर आला होता. जीप सुरू झाली तेव्हा तो आत्याच्या पाया पडला आणि चहा न घेता गेला. एवढा जाणता माणूस तो पहिल्यांदाच वाटला.

पण सुरू होणं वेगळं आणि चढ वेगळा. पालखी पुढच्या घरी वळली तशी आम्ही निघालो. मागे रिकामे क्रेट, पाण्याचं पिंप आणि दोन गडी, पुढे माझ्या शेजारी आत्या, मांडीवर देवाचा नारळ घेऊन. चीफना म्हटलं, बसा. "नको," म्हणाले. "आत बसलं की माणूस देवाचं नाव घेतो. बाहेरून आवाज ऐकू येतो." आणि पायथ्यापर्यंत रिक्षाने येऊन ते चढाच्या तोंडाशी उभे राहिले.

त्यानंतर मी चीफना पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मुलीकडे अंबरनाथला गेले, पावसाळ्यात तिकडेच दुखणं झालं आणि तिकडेच गेले. काकू परत आल्या, येताना गेजची पेटी परत घेऊन आल्या. ती आता कपाटात दागिन्यांच्या वर आहे. म्हणून माझ्यापाशी त्यांचं शेवटचं जे काही आहे ते त्या चढावरचं, आणि तेही आरशातलं.

मी पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली आणि स्टिअरिंगला असा लटकलो की जणू मीच ती ओढतोय. इंजिन किंचाळत होतं. दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या कापलेल्या भिंती, वर उघडा सडा. आत्या डोळे मिटून कसलंसं म्हणत होती. आरशात बघितलं तर खाली तांबड्या धुळीत चीफ, हात उंच केलेला.

"आत्या, बघ. निरोप देतायत."

आत्याने डोळे उघडून मागे बघितलं आणि पदर हलवला. मीही एक हात बाहेर काढून हलवला. डोळ्यांत पाणी येत होतं खरं म्हणजे. तर चीफनी हात आणखी जोरात हलवला. मी आणखी हलवला. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, एका हाताने दुसऱ्या हाताची दोन बोटं धरून मला दाखवली, पुन्हा दाखवली. ओठ हलत होते. एवढ्या लांबून काय ऐकू येणार? पण ते दोन बोटं धरून असे काही नाचत होते, की मला एकदम कळलं.

दुसरा. मेल्या, दुसरा गिअर टाक.

मी क्लच दाबला. भर चढावर दांडा मागे ओढला. तो आपलं घर ओळखल्यासारखा गेला. किंचाळणं थांबलं, इंजिनाचा आवाज खाली उतरला आणि जीप तो चढ सरळ चढायला लागली.

पुन्हा आरशात बघितलं तेव्हा ते वळले होते. हात मागे बांधून, उताराने, नेहमीच्या चालीने रिक्षाकडे चालले होते. पाठमोरे. मी पुढच्या वळणापर्यंत वाट बघितली, पण त्यांनी काही वळून बघितलं नाही.